वेढ्याचा चौथा हिस्सा

टेबलावर दोन वह्या उघड्या.
डावीकडची बाबांची, ताकोराडीच्या धक्क्यावरची,
पुठ्ठ्याला अजून डिझेलचा वास.
उजवीकडची एझानमामाची, नदीपलीकडून आलेली.
आमच्या न्झेमा लोकांत मामाचं ते भाचरांचं:
कोको थोरल्याला गेला, घर मधल्याला,
मला, अफिबाला, ही वही.

ऑफिसने तक्ता मागितलाय.
दोन देश, कठीण लाकूड, सालवार.
सोमवारपर्यंत.

बाबा लिहितात वावा, ओडूम.
मामा लिहितो सांबा, इरोको.
झाड तेच. टानो नदीवरून वाऱ्याने
पंखवालं बी पलीकडे नेलं,
नाव नेलं नाही.

बाबांची रीत जुन्या इंग्रज कंपनीची:
खोडाला दोरी गुंडाळायची,
दोरी दुमडायची, पुन्हा दुमडायची,
त्या चतकोराचा वर्ग, गुणिले लांबी.
साल जाणार, भुसा उडणार, ते आधीच वजा.
शेकड्यातला एकवीस-बावीसचा वाटा
जहाजात चढायचा, वहीत चढायचा नाही.
मामाची रीत फ्रेंच. व्यास घ्या,
अख्खं गोल झाड मोजा, भुशासकट.

तेव्हा आधी बाबांचे फूट
मामाच्या मीटरमध्ये ओतत बसले दोन रात्री.
अठ्ठावन साली बाबा पुढे.
चौसष्टला जवळजवळ बरोबरी.
बहात्तरला मामाला पान पुरेना,
खाली चिठ्ठ्या चिकटवल्यात डिंकाने,
एकीवर डास आहे, सपाट, त्याच सालचा.
बाबांच्या पानावर त्या महिन्यात एकच ओळ:
'क्रेन बंद. सुटा भाग आला नाही.'

तक्त्यात हे सुबक दिसेल.
एक रेघ चढते, एक उतरते,
मग दोन्ही उतरतात.
वेढ्याचा रकाना ऑफिसने मागितलेला नाही.
तो मी उगाच पाहिला.
साठ साली तिघांच्या कवेत न मावणारं,
सत्तरला दोघांच्या,
पुढे पुढे दोन्ही वह्यांत अक्षर मोठं होत गेलं,
आकडे लहान.

आणि मग चारशे सतरा.
बाबांकडे, एकोणसत्तर, ऑक्टोबर:
'ओंडका ४१७, ओडूम. वेढा सोळा फूट, लांबी अठरा.
पुरात तराफा सुटला. बुडीत खाते.'
मामाकडे, एकोणीस दिवसांनी:
'इरोको, एक. शिक्का तासलेला.
दहा घनमीटर अडतीस. मार्सेय.'
मी दोरी दुमडून पाहिली, पुन्हा दुमडून पाहिली.
सोळाचे चार, चाराचे सोळा, गुणिले अठरा.
मीटरमध्ये नुसतंच मांडलं तर आठ आणि थोडं.
चतकोराची खोट भरून काढली
तर दहा अडतीस. बरोब्बर.
बुडता बुडता झाड सव्वापट झालं होतं.

पुढच्या कुंडुमच्या सणाला मामा आला तो
आईसाठी शिलाई मशीन घेऊन.
काळं, सोनेरी वेलबुट्टीचं, पायाने चालणारं.
बाबांनी ते होडीतून स्वतः उतरवलं.
किंमत विचारली नाही.
बाबा, जे जेवणाआधी ताटातले मासे मोजायचे.
माझे शाळेचे सगळे गणवेश त्यावरचे.

आता मी स्क्रीनवर मोजते.
कंटेनरमध्ये साग, लागवडीचा,
मांडीएवढा, तोही पुष्कळदा नाही,
चालला हिंदुस्थानात, तिथे त्याच्या चौकटी होतात म्हणे.
बाबांची दोरी एकदा हौसेने गुंडाळली एका सोटाला.
पाच वेढे झाले, वर हातभर उरली.

चारशे सतरा कुठे धरू?
इकडे धरला तर बुडालेला,
तिकडे धरला तर चोरीचा,
दोन्हीकडे धरला तर जंगलात
एक झाड जास्तीचं उगवतं.
इतक्या मोठ्या बेरजेत कोणाला कळणार आहे.
पेन्सिलने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

शेजारच्या खोलीत आई पडद्याला दुमड घालतेय.
मशीन अजून चालतं.
फक्त उलटा टाका घेत नाही.